यान मायेनचा ब्लिंक

लोरान-सी म्हणजे जीपीएसच्या आधी जहाजाची जागा काढायला वापरायची रेडिओ-स्टेशनांची यंत्रणा. तिच्या रिसीव्हरवर कधीतरी ब्लिंकचा, म्हणजे 'या स्टेशनवर भरवसा ठेवू नका' या इशाऱ्याचा, दिवा लागायचा. तो लागला की त्या स्टेशनचा आकडा चार्टवर मांडायचा नाही, एवढं आम्हाला पक्कं शिकवलेलं.

ऐंशीच्या दशकात नार्विकहून लोहखनिज भरून रॉटरडॅमला जाणाऱ्या जहाजावर मी सेकंड मेट होतो. बारा ते चारची वॉच. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही, त्यात आभाळ दिवसेंदिवस भरलेलं. सूर्य-तारे बघून जागा काढायचा सेक्स्टंट पेटीतच राहायचा. आधार नॉर्वेजियन सी चेनचा, म्हणजे एकत्र चालणाऱ्या लोरान स्टेशनांच्या गटाचा: फॅरो बेटांवरचं एइडे मास्टर (मुख्य), ब्यो, झ्यूल्ट, सांदुर आणि आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या बेटावरचं यान मायेन सेकंडरी (दुय्यम).

ही स्टेशनं १०० किलोहर्ट्झवर पल्स सोडत. मास्टर आणि सेकंडरी यांचे पल्स पोहोचण्यातला फरक मायक्रोसेकंदांत मोजला की चार्टवर छापलेली एक वक्र रेषा मिळे. दुसऱ्या जोडीची रेषा तिला जिथे छेदेल तिथे आपलं जहाज. एका मायक्रोसेकंदात रेडिओलहर ३०० मीटर जाते, म्हणून स्टेशनात सीझियमची घड्याळं. सेकंडरीची वेळ मर्यादेबाहेर घसरली की तिचे पहिले दोन पल्स चालू-बंद करत. तोच ब्लिंक.

नार्विकला आमच्या जहाजाला वाट दाखवायला चढलेल्या एका बंदर-पायलटने यान मायेनच्या स्टेशनात हिवाळा काढला होता. चहा पिता पिता मी त्याला खूप विचारलं. बेटाला बंदर नाही. विमान खडीच्या धावपट्टीवर उतरणार, तेही हवेची मर्जी असेल तर. नाहीतर टपाल नाही, ताजी भाजी नाही. बेरेनबर्ग ज्वालामुखी २,२७७ मीटर उंच, पण ढगांमुळे कितीतरी दिवस दिसायचाच नाही. वाऱ्यात दोर धरून दुसऱ्या इमारतीत जायचं. ब्लिंकबद्दल विचारलं तर म्हणाला, आधी ब्लिंक लावायचा, कारण नंतर शोधायचं. त्या वेळी समुद्रात कोण आहे हे त्याला कधीच कळत नसे. तरी तो रात्रभर आमच्यासाठी जागा असायचा.

अलास्कातल्या पोर्ट क्लॅरेन्सच्या लोरान स्टेशनचा मनोरा ४११ मीटरचा होता. वरळीतला पॅलेस रॉयाल ३२० मीटर आहे, म्हणजे अंदाज येईल. ग्रीनलंडमधल्या आंगिसोकचा तेवढाच मनोरा १९६४ मध्ये कोसळला. अमेरिकेने लोरान-सी फेब्रुवारी २०१० मध्ये बंद केलं आणि एप्रिलमध्ये पोर्ट क्लॅरेन्सचा मनोरा पाडला. यान मायेनचं प्रक्षेपण २०१५ च्या अखेरीस थांबलं.

माझा भाचा सध्या टँकरवर थर्ड ऑफिसर आहे. होर्मुझजवळून त्याचा मेसेज आला, "मामा, जीपीएस आम्हाला जमिनीवर दाखवतंय. अलार्म नाही, काही नाही." २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजांना हाच अनुभव आला होता; त्यांची जागा गेलेंजिक विमानतळावर दिसत होती. रडारवर किनारा पकड, किनाऱ्यावरच्या खुणेची दिशा (बेअरिंग) घे, असं मी त्याला लिहिलं. त्याने ते आधीच केलं होतं, शाबास त्याची. पण चुकीची जागा कुणीही न बजावता पडद्यावर शांतपणे दिसत राहावी, हे मला सहन होत नाही. दक्षिण कोरियाने जॅमिंगला, म्हणजे जीपीएसचे सिग्नल दाबून टाकण्याला, कंटाळून ई-लोरान ही लोरानचीच नवी आवृत्ती उभारायला घेतली, ते मला शंभर टक्के पटतं.

आपल्याकडेही मुंबई चेन होती: ध्रांगध्रा मास्टर, वेरावळ आणि बिलीमोरा सेकंडरी. तिथे ड्युटी केलेलं कुणी हे वाचत असेल तर जरूर लिहा. ब्लिंक कोण लावायचं, रात्री किती माणसं असायची, मला सगळं ऐकायचंय.