रिमोटकडे गेलेला हात: घरी पाहिलेल्या चित्रपटांची या खेपेची नोंद

चित्रपटांना तारे देणे या खेपेपासून बंद केले. ‘पाचपैकी साडेतीन’ ही नोंद काही महिन्यांनी वाचली की चित्रपटातले काहीच डोळ्यांसमोर उभे राहत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. त्याऐवजी आता वहीत एवढेच लिहितो की चित्रपट चालू असताना हात रिमोटकडे कोठे गेला आणि का गेला. चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला चित्र थांबवण्याची सोय नसते. घरी ती सतत हाताशी असते, आणि म्हणूनच घरचा प्रेक्षक बटण दाबतो तेव्हा तो कळत-नकळत त्या चित्रपटाविषयीचे आपले मत नोंदवत असतो. मी समीक्षक नाही आणि माझ्या प्रतिक्रियांना तसे वजनही नाही, परंतु या एका प्रश्नामुळे माझे पाहणे पूर्वीपेक्षा सावध झाले, हे नक्की.

सुरुवात सिडनी ल्युमेट यांच्या ‘12 अँग्री मेन’ने (1957) केली. खटल्याचा निर्णय देणारे बारा सामान्य नागरिक (ज्युरी), एक खोली, उकाडा आणि वडिलांच्या खुनाचा आरोप असलेला एक मुलगा, एवढ्याच भांडवलावर हा 96 मिनिटांचा चित्रपट उभा आहे. बासू चटर्जी यांच्या ‘एक रुका हुआ फैसला’मुळे (1986) गोष्ट आधीच ठाऊक होती, त्यामुळे या वेळी लक्ष कॅमेऱ्याकडे ठेवता आले. आरंभी कॅमेरा माणसांच्या डोळ्यांपेक्षा उंचावर आहे, मग तो डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि अखेरच्या टप्प्यात त्याहूनही खाली उतरतो, इतका की खोलीचे छत दिसू लागते. त्याच वेळी लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे दूरचे जवळ ओढण्याची क्षमता, वाढत जाते आणि मागच्या भिंती माणसांच्या पाठीला येऊन टेकल्यासारख्या वाटतात. ल्युमेट यांनी ही योजना विचारपूर्वक आखली होती. पहिल्या मतदानाचा प्रसंग आणि शेवटाकडचा एक प्रसंग लागोपाठ लावून पाहिले, तेव्हा तीच खोली खरोखर आक्रसलेली दिसली. हात रिमोटकडे गेला तो केवळ अशा कुतूहलापोटी. माझ्या मते घरच्या पडद्यावर हा चित्रपट काहीही गमावत नाही, कारण त्यातला सगळा मुलूख चेहऱ्यांचा आहे आणि चेहरा टीव्हीवर पुरेसा मोठा दिसतो. हिचकॉक यांच्या ‘रिअर विंडो’लाही (1954) हेच लागू पडते, पाय मोडून खुर्चीत अडकलेला नायक खिडकीतून शेजाऱ्यांना न्याहाळतो आणि आपण खुर्चीत बसून त्याला न्याहाळतो, त्यामुळे तो जणू घरी पाहण्यासाठीच काढला असावा, असे वाटत राहिले.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ने (1962) मात्र खरी परीक्षा घेतली. पहिल्या महायुद्धात अरबांच्या बाजूने लढलेल्या लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याची ही गोष्ट. डेव्हिड लीन यांनी तो 65 मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चित्रित केला असून त्याच्या चौकटीच्या रुंदी-उंचीचे प्रमाण 2.20 : 1 आहे. आपल्या टीव्हीचे प्रमाण 1.78 : 1 असल्यामुळे पडद्याच्या उंचीचा जवळजवळ पाचवा भाग वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्यांत जातो. चित्र झूम करून या पट्ट्या घालवण्याचा मोह ज्यांना होतो त्यांना एवढेच सांगेन की, पट्ट्यांबरोबर वाळवंटाच्या कडाही जातात. चित्रपटाच्या आधी काही मिनिटे काळ्या पडद्यावर नुसते संगीत वाजते. चित्रपटगृहात लोक जागेवर येऊन बसेपर्यंतचा तो वेळ असे. घरी मात्र टीव्ही बिघडला की काय, अशी शंका येते आणि हात लगेच पुढे सरसावतो. तो आवरला.

मग विहिरीचा प्रसंग येतो. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या तफास पाण्यापाशी थांबलेले असताना क्षितिजावरच्या मृगजळात एक काळा ठिपका थरथरू लागतो. तो उंच होतो, पसरतो, पुन्हा विरघळल्यासारखा होतो आणि कितीतरी वेळाने त्यातून उंटावरचा स्वार, म्हणजे ओमर शरीफ, आकाराला येतो. छायाचित्रकार फ्रेडी यंग यांनी यासाठी 482 मिलिमीटरची, म्हणजे खूप दूरचे जवळ आणणारी, लेन्स वापरली होती. प्रसंगात पार्श्वसंगीत नाही. माझ्या नेहमीच्या जागेवरून तो ठिपका दिसलाच नाही. तफास कशाकडे पाहतो आहे, हे कळेना, म्हणून उठून पडद्याच्या जवळ गेलो आणि तेथेच जमिनीवर बसून उरलेला पहिला भाग पाहिला. पडद्याच्या तिरप्या मापाच्या सुमारे सव्वापट अंतरावर बसले, तर अशा भव्य चित्रपटांना थोडाफार न्याय मिळतो, असा माझा आता अंदाज आहे. चित्रपटाची लांबी जवळपास पावणेचार तासांची असून मध्यंतर मुळातच दिलेले आहे. मी तेथेच थांबलो आणि दुसरा भाग दुसऱ्या दिवशी पाहिला. हा अधर्म आहे, असे मानणारे स्नेही आहेत. माझ्या मते दिग्दर्शकाने ठेवलेल्या थांब्यावर उतरायला हरकत नसावी. दुसरा भाग तुलनेने जड वाटला आणि दमिश्कमधल्या (दमास्कस) राजकारणात लक्ष दोन-तीनदा भरकटले, हेही वहीत लिहिले आहे.

येथे एक तांत्रिक सूचना. टीव्हीतील ‘मोशन स्मूदिंग’ किंवा तत्सम नावाची सोय प्रथम बंद करावी. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा असतो. ही सोय दोन फ्रेमच्या मधल्या, मुळात कधी चित्रितच न झालेल्या फ्रेम स्वतः तयार करून घुसवते, आणि मग लीन यांचे वाळवंटदेखील दूरचित्रवाणीवरच्या दैनंदिन मालिकेसारखे गुळगुळीत दिसू लागते. बऱ्याच नव्या टीव्हींत ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो निवडला की हे आपोआप बंद होते. आवाजाच्या बाबतीत मात्र मी तडजोड करतो. कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवायचा आणि पुढच्याच क्षणी स्फोट झाला की धावत कमी करायचा, हा रात्रीचा खेळ ‘नाइट मोड’मुळे थांबतो, कारण त्यात मोठे आवाज दाबले जातात आणि हळू आवाज वर उचलले जातात. मूळ ध्वनियोजनेची त्यात हानी होते, पण घरातल्यांची झोप शाबूत राहते.

बस्टर कीटन यांच्या ‘द जनरल’बद्दल (1926) तक्रार आहे, पण ती चित्रपटाविषयी नाही. मूकपटांच्या अनेक प्रती फिरत असतात आणि त्यांचे संगीत व वेग एकसारखे असतीलच असे नाही. मला मिळालेल्या प्रतीत पियानोची एकच धून अखंड चालू होती, प्रेमभंग असो वा युद्ध. शेवटी आवाज पूर्ण बंद केला आणि आश्चर्य म्हणजे चित्रपट अधिकच खुलला. सैन्यभरतीत आणि प्रेयसीकडूनही नाकारला गेलेला इंजिनचालक नायक इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्नपणे बसतो, इंजिन सुरू होते आणि दांड्याबरोबर तो वर-खाली होत राहतो. आपण हललो आहोत, हे सुरुवातीला त्याच्या लक्षातही येत नाही. ही दहा-पंधरा सेकंदे मी पुनःपुन्हा मागे नेऊन पाहिली. जळक्या पुलावरून खरेखुरे इंजिन नदीत कोसळते, तो प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे, मला मात्र हा दांडाच अधिक आवडला.

जपानी दिग्दर्शक ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’त (1953), म्हणजे मुलांना भेटायला टोकियोला आलेल्या वृद्ध आई-वडिलांच्या गोष्टीत, अडचण वेगळी होती. कॅमेरा जमिनीलगत आणि जवळजवळ निश्चल, आणि दोन प्रसंगांच्या मध्ये धुराडी, वाळत घातलेले कपडे, रिकामा रस्ता अशी निर्मनुष्य दृश्ये. पहिल्या अर्ध्या तासात नेमक्या याच जागी हात ‘दहा सेकंद पुढे’ या बटणाकडे वळत होता. आतामीच्या समुद्राकाठी कठड्यावर बसलेली वृद्ध आई उठताना क्षणभर भोवळ येऊन खाली टेकते, त्यानंतर ही ओढ संपली. पुढच्या प्रत्येक रिकाम्या दृश्यात आईच्याच प्रकृतीची काळजी वाटू लागली आणि मग ते दृश्य रिकामे राहिले नाही.

सर्वांत अधिक चकवले ते चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (2014). एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप, आणि त्यावरचा खटला. कॅमेरा लांब, स्थिर, कामकाज संथ. बिनबाह्यांचा पोशाख घालून आलेल्या महिलेचे प्रकरण न्यायाधीश ऐकूनच घेत नाहीत, तो प्रसंगही कॅमेरा त्याच अलिप्तपणे पाहतो. गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील निकालापेक्षा घरच्या स्वयंपाकाच्या वेळेची अधिक चिंता करत असावी, असे वाटते, आणि तिचा रागही करता येत नाही. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि पडदा अंधारतो. चित्रपट संपला, असे समजून मी रिमोट उचललाच होता, तेवढ्यात न्यायाधीशांची सहल सुरू झाली. घरी पाहताना तेवढ्या अंधारात चित्रपट बंद करून झोपायला जाणे सहज शक्य आहे, आणि तसे करणाऱ्याला बाकावर डुलकी घेणारे न्यायाधीश दिसणारच नाहीत. ज्या व्यवस्थेत आरोपी पुन्हा कोठडीत जातो आणि न्यायाधीश सुट्टीवर, तिच्याविषयी चित्रपटाला जे म्हणायचे आहे ते त्या अंधारानंतर येते. म्हणून श्रेयनामावली सुरू होईपर्यंत रिमोट दूर ठेवावा, असे हा चित्रपट अद्याप न पाहिलेल्यांना सुचवतो.

पुढच्या नोंदीसाठी ‘द जनरल’ची चांगल्या संगीताची प्रत शोधतो आहे, कोणाकडे खात्रीची माहिती असल्यास जरूर कळवावी. ‘लॉरेन्स’चा दुसरा भाग एका मित्राच्या प्रोजेक्टरवर पुन्हा पाहायचा आहे, म्हणजे दोष दमिश्कच्या राजकारणाचा की माझ्या टीव्हीचा, याचा निकाल लागेल.