संक्रांतवेल म्हणून आणली आणि भलतीच निघाली

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात आमच्या गल्लीतल्या एका जुन्या बंगल्याची कंपाउंड वॉल दिसतच नाही, सगळी केशरी झालेली असते. संक्रांतवेल. ऐन संक्रांतीत फुलते म्हणून हे नाव, मूळची ब्राझीलकडची, पण सोलापूरचं ऊन आणि चार-पाच दिवसाआड येणारं पाणी तिला व्यवस्थित मानवलंय. लहानपणापासून बघत आले, म्हणून स्वतःचं घर झाल्यावर पहिलं काय केलं तर एका नर्सरीतून संक्रांतवेल सांगून रोप आणलं.

पहिली संक्रांत गेली, दुसरी गेली, फूल नाही. उलट थंडीत सगळी पानं गळून नुसत्या काड्या राहायच्या आणि मला वाटायचं गेली आता. आणि मग तिसऱ्या वर्षी मे संपता संपता फुलली की! केशरीच, पण फुलं जाड, तोंडाशी सनईसारखी रुंद. दोन वर्षं वाट बघितली होती, रडू यायचं बाकी राहिलं.

मग बंगल्यासमोर जाऊन एक पान मागून आणलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितली, आणि फरक इतका सरळ आहे की नर्सरीतच दिसायला हवा होता. संक्रांतवेलीच्या एका देठाला दोन पानं असतात, कधी तीन, कडा एकदम साध्या, आणि जिथे दोनच असतात तिथे तिसऱ्या पानाच्या जागी ताणा, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू असतो, ज्याच्या टोकाला तीन फाटे. माझ्या वेलीच्या देठाला नऊ पानं, कडा करवतीसारख्या, ताणा कुठेच नाही, आणि खोडाला बारीक मुळं फुटून भिंतीला चिकटलेली. ही कॅम्पसिस, नर्सरीवाले ट्रम्पेट क्रीपर म्हणतात ती. वेल सुंदर आहे, पण मला हवी ती ही नव्हे.

तेव्हापासून मी फुलाकडे नंतर बघते, आधी वेल कशाला धरून चढलीय ते बघते. रोप विकत घेताना तसंही फूल नसतंच बहुतेक वेळा.

मधुमालतीचंच घ्या. माझ्या ओळखीतले निम्मे लोक तिला माधवी म्हणतात. शेजारच्या अम्मा शहराच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू वस्तीतल्या, त्या राधामनोहरम म्हणतात, तेलुगूत तेच नाव आहे आणि मला तर तेच जास्त आवडतं. तर मधुमालतीचं जुनं पान गळतं तेव्हा देठाचा बुडखा तसाच राहतो, कडक होतो, काट्यासारखा, आणि त्यानेच ती आधाराला अडकून वर जाते. छाटताना हाताला लागतो तो हाच. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. लिनियसने 1762 मध्ये तिला क्विस्क्वालिस इंडिका नाव दिलं, आणि क्विस्क्वालिस म्हणजे लॅटिनमध्ये 'कोण? कसली?' आता शास्त्रज्ञ तिला कॉम्ब्रेटम म्हणतात पण मला जुनंच नाव बरोबर वाटतं, कारण गेटपाशी थांबून लोक अजून हेच विचारतात.

खरी माधवी म्हणजे हळदवेल. तिच्या पाकळ्या पांढऱ्या आणि कडेला झालरीसारख्या कातरलेल्या, पाचातल्या एकीवर पिवळा डाग, आणि फळाला तीन पंख असतात, वाऱ्यावर गरगरत खाली येतं. ते फळ एकदा हातात घेतलं की परत चुकायचा प्रश्नच नाही.

जाई-जुई ओळखायला तर कळीचीसुद्धा गरज नाही. जाईच्या एका पानात सात-नऊ छोटी पानं असतात आणि टोकाचं सगळ्यात मोठं. जुईला मधलं एक मोठं आणि बाजूला दोन इवलीशी, कानासारखी, कधी तीही नसतात. तिचं शास्त्रीय नाव ऑरिक्युलाटम आहे ते या कानांवरूनच. कळ्या असतील तर जाईच्या बाहेरून गुलाबी झाक असते, जुईच्या पांढऱ्या. गणेशवेलीचं पान कंगव्यासारखं, ती कुणीही ओळखेल. आणि जांभळ्या फुलांची लसणवेल आहे का अशी शंका आली तर पान चुरगळून वास घ्या, लसणाचा आलाच पाहिजे.

यंदा पावसाळ्यात त्या बंगल्यातल्या काकूंनी छाटणीतल्या चार काड्या दिल्या. तीन वाळल्या, एक जगली. काल सकाळी बघितलं, नव्या फुटीला दोन पानं आणि मध्ये ताणा, टोकाला तीन फाटे. मी दोनदा मोजले. गॅलरीच्या ग्रिलला सुतळी बांधून दिलीय. कॅम्पसिसही आहेच मागच्या भिंतीवर, तिला काढणार नाही.