तुम्ही विचारलंत म्हणून : डर्कचा तो दुसरा फ्री थ्रो

प्रश्न ठरलेला आहे, शब्दसुद्धा फारसे बदलत नाहीत. "सर, डर्क नोवित्स्की एवढा मोठा शूटर, मग २००६ला मियामीत तो फ्री थ्रो चुकला कसा? टरकला ना?" प्रश्न विचारला जातो तो खरं तर त्या "टरकला ना"साठीच. उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात आधीपासूनच असतं. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

डर्क म्हणजे एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, डॅलस संघाचा जर्मन खेळाडू. फ्री थ्रो म्हणजे फाउल झाल्यावर ठरलेल्या रेषेवरून, कोणी न अडवता मारायचा एका पॉइंटचा थ्रो. एकाच संघाकडून २१ सीझन, ३१,५६० पॉइंट्स, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. ते सोडून देतो.

१३ जून २००६. आधी चार सामने जिंकेल त्याची फायनल, त्यात मियामीविरुद्ध डॅलस २-० ने पुढे, तिसरा सामना मियामीत. शेवटची साडेसहा मिनिटं उरली होती आणि डॅलस १३ पॉइंट्सनी पुढे होतं. इथून हरायला मेहनत घ्यावी लागते, आणि डॅलसने ती घेतली. मियामीचा ड्वेन वेड कोणालाच आवरेना (त्या रात्री त्याचे ४२). ९.३ सेकंद असताना गॅरी पेटनने शॉट घातला, मियामी ९७-९५. मग डर्कवर फाउल. घड्याळात ३.४ सेकंद, दोन फ्री थ्रो, दोन्ही गेले तर बरोबरी. पहिला गेला. दुसरा रिंगला लागून बाहेर. सामना ९८-९६ असा गेला, पाठोपाठ पुढचे तिन्हीही गेले, आणि डर्कच्या कपाळावर "कच्चा" असा शिक्का बसला.

याला माझं जुनं उत्तर एका ओळीचं होतं. त्या सीझनला तो ९०.१ टक्क्यांनी फ्री थ्रो घालत होता. दोन्ही लागोपाठ जाण्याची शक्यता ०.९०१ गुणिले ०.९०१, म्हणजे ८१ टक्के. साधारण पाचातून एकदा दोनपैकी एखादा तरी चुकणारच, त्यात नवल काय? हिशोब बरोबर आहे. पण हे उत्तर देताना मी जरा जास्तच खूश असायचो, हेही खरं. टक्केवारी धरून चालते की प्रत्येक थ्रो सारखाच असतो. तो तसा नसतो.

रिंगचा व्यास ४५.७ सेंटिमीटर, बॉलचा सुमारे २४. वरून सरळ खाली आला तर बॉलला जागाच जागा. पण बॉल तिरका येतो, आणि जितका सपाट येईल तितकी रिंग त्याच्यासाठी चपटी होत जाते. ३२ अंशांच्या खाली आला तर नुसत्या रिंगमधून जायला वाटच उरत नाही. ४५ अंशांनी आला तर ३२ सेंटिमीटरचं दार उघडं मिळतं. आता उंची धरा. डर्क सात फुटांचा, बॉल त्याच्या हातातून सुटतो तेव्हा रिंगपेक्षा जेमतेम हातभर खाली असतो. कमीत कमी जोर लावला तरी त्याचा बॉल ४२ अंशांच्या आसपास उतरतो. तुमचा बारा वर्षांचा मुलगा बॉल १.७ मीटरवरून सोडतो. तेवढ्याच आळसाने टाकला तर त्याचा बॉल ३६ अंशांनी येतो, दार २७ सेंटिमीटरचं आणि बॉल २४चा. म्हणजे उंची कमी तितकी कमान जास्त हवी, आणि कमान पायातून येते, खांद्यातून नाही. (विचारणाऱ्यांत निम्मे पालक असतात आणि पुढचा प्रश्न "त्याला तो एका पायावरचा फेडअवे शिकवा ना" असा असतो, म्हणजे डर्कचा तो मागे झुकत मारायचा शॉट. आधी मोठ्यांचा सात नंबरचा बॉल काढून लहान, हलका पाच नंबरचा द्या. जड बॉल मूल छातीवरून ढकलतं, कोपर बाहेर जातं, आणि ती सवय मोडायला दोन वर्षं लागतात.)

डर्कचा शॉट या हिशोबातूनच घडलेला आहे. होल्गर गेश्विंडनर हा गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेला माणूस, १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेला. पोरगेल्या डर्कला त्याने हेरलं आणि एक सोपा प्रश्न धरून बसला : थोडी चूक झाली तरी बॉल आत जाईल असा शॉट कोणता? मग कमान उंच ठेवायची, बोटं पसरायची, मनगट शेवटपर्यंत सोडायचं, आणि दर उन्हाळ्यात जर्मनीतल्या जिममध्ये तेच पुन्हा पहिल्यापासून. एनबीएचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, झाल्यावरही. त्या एका पायावरच्या शॉटलाही कारण आहे. डाव्या पायावर उडी, उजवा गुडघा वर. गुडघ्याने बचाव करणारा लांब राहतो आणि मागे झुकलेल्या अंगाचा तोल सांभाळला जातो. पोरं नेमका गुडघा विसरतात आणि नुसते खांदे मागे टाकतात. मग बॉल रिंगच्या अलीकडेच पडतो.

तर माझं दुसरं उत्तर होतं "पाय". चौथ्या क्वार्टरच्या शेवटी पाय संपलेले असतात, गुडघे अर्धा इंच कमी वाकतात, कमान बसते, दार अरुंद होतं. हे उत्तर मला अजूनही आवडतं. अडचण एवढीच की पहिला थ्रो त्याच पायांनी काही सेकंद आधी मारला होता आणि तो गेला होता. दोन थ्रोंमध्ये पाय थकत नाहीत. मधे बदलतो तो फक्त स्कोअरबोर्ड.

म्हणजे डोकं? असेल. नाही म्हणून मी भांडणार नाही. २००७ची आठवण करून द्यायची गरज नाही, मीच देतो : डॅलसचे सीझनमध्ये ६७ विजय, बाद फेरीत अव्वल मानांकन, समोर आठव्या मानांकनाचं गोल्डन स्टेट, आणि बाहेर पडायच्या सामन्यात डर्कचे १३ पैकी २ शॉट्स आत. त्या वेळी "कच्चा" म्हणणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा मला टक्केवारी आठवली नाही, हे विशेष.

पण मग २२ मे २००६ आठवा. मियामीच्या बरोबर २२ दिवस आधी. फायनलच्या आधीची फेरी, सॅन अँटोनियोविरुद्ध त्यांच्याच मैदानावर, मालिकेतला सातवा सामना, हरलं की घरी. डॅलस तीनने मागे, वीस-बावीस सेकंद उरलेले. डर्क बास्केटकडे घुसला, सॅन अँटोनियोच्या जिनोबिलीने फाउल केला तरी बॉल आत. वर एक फ्री थ्रो. तो गेला नसता तर मियामी आलंच नसतं. तो गेला, १०४-१०४, आणि ओव्हरटाइममध्ये डॅलस ११९-१११ जिंकलं. माणूस तोच, रेषा तीच, रिंगही तेवढीच, आणि प्रेक्षक विरोधातलेच. हा थ्रो कसा गेला, असं कोणी विचारलेलं नाही. डोकं मियामीत दगा देत असेल तर सॅन अँटोनियोत ते कुठे होतं?

मला उत्तर नाही. एवढंच दिसतं की टक्केवारीवाले, पायवाले आणि टरकलावाले, तिघेही एकाच थ्रोकडे बोट दाखवतात आणि आपापल्या सोयीचा दुसरा विसरतात. मी तिघांतही राहून आलो आहे.

२०११ला डॅलस पुन्हा फायनलला, समोर पुन्हा मियामी. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा टेंडन फाटलेला, चौथ्या सामन्यात अंगात ताप. त्या मालिकेत त्याने ४६ पैकी ४५ फ्री थ्रो घातले आणि विजेतेपद आणलं. आता लोक हे आकडे सांगून "बघा, सुधारला" म्हणतात. तेही मला पटत नाही. कमान तीच होती, रेषेवर उभं राहून गाणं गुणगुणायची सवयही जुनीच. काय सुधारलं, ते नेमकं दाखवा.