ऑर्वेलचं खरं झालं का? तुम्ही विचारलंत म्हणून

वर्गात विचारतात, वाचनालयातल्या व्याख्यानानंतर चहा घेताना विचारतात, परवा एका माजी विद्यार्थ्यानं भर बाजारात गाठून विचारलं, "मॅडम, ती १९८४ वाली कादंबरी शेवटी खरी झाली ना?" बहुतेक जण हा 'ना' लावूनच विचारतात. म्हणजे मी फक्त हो म्हणायचं. मी 'अर्धीच' म्हणते आणि पुढं निघते. आज जरा सवडीनं सांगते.

तयार उत्तर पोरांकडे असतंच. कादंबरीत माणसांवर पाळत ठेवणारा पडदा, म्हणजे टेलिस्क्रीन, सरकार लावतं, आपण मात्र मोबाइल हप्त्यानं विकत घेतो, वगैरे. टाळ्यांचं वाक्य आहे. पण त्यातले 'आपण' म्हणजे नेमके कोण, इथं माझं घोडं अडतं.

जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' १९४९ च्या जूनमध्ये आली. तिच्यातला टेलिस्क्रीन दाखवतोही आणि बघतोही. कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ, त्याला या पडद्याचा आवाज कमी करता येतो, बंद काही करता येत नाही. सकाळच्या कवायतीत तो नीट वाकत नाही, तर पडद्यावरची बाई त्याचा नंबर घेऊन खेकसते, "६०७९ स्मिथ!" हा उतारा वाचला की वर्ग ताठ बसतो. मात्र ही पाळत कुणावर आहे ते कुणाच्या लक्षात राहत नाही. ती सत्ताधारी पक्षाच्या लोकांवर आहे. विन्स्टन म्हणजे शेवटी सरकारी कारकूनच. देशातली ८५ टक्के जनता 'प्रोल', म्हणजे कामकरी, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी टेलिस्क्रीनच नाही. 'प्रोल आणि जनावरं मोकळी' अशी पक्षाची घोषणाच आहे. त्यांच्यात थोडे हेर फिरतात, डोईजड होईल असा कुणी दिसला तर उचलतात. बाकीच्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आमच्याकडे हे बरोबर उलटं आहे, आणि मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून उलटं आहे. सोलापुरात राहणाऱ्याला हे कळायला कादंबरी लागत नाही. शहरात सेटलमेंट नावाचा भाग आहे, रिक्षावाला त्याच नावानं सोडतो. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी यांच्या घरात जन्मलं की झालं, पोर गुन्हेगार. तारेच्या कुंपणाआडच्या वस्तीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, राहायचं, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा त्या १९११ च्या कायद्यात होती. ठशांची कचेरीसुद्धा जगात पहिल्यांदा निघाली ती कलकत्त्यात, १८९७ साली. लंडनला ती नंतर आली. ऑर्वेल स्वतः मोतीहारीत जन्मलेला, बर्मात पाच वर्षं पोलीस अधिकारी राहिलेला. वसाहतीतला पोलीस त्यानं आतून पाहिला होता. पण कादंबरी लिहिताना डोळ्यांसमोर होता तो स्टालिनचा रशिया, त्यामुळे त्याच्या पुस्तकात भीती लिहित्या-वाचत्या माणसाच्या वाट्याला आली.

गुन्हेगार जमातींचा तो कायदा १९५२ साली देशभरातून गेला, पोलिसांचं हिस्ट्रीशीट, म्हणजे संशयितावर नजर ठेवायचा कागद, राहिलं. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंगवर १९४१ मध्ये दरोड्याचा आळ आला होता, पुरावा नाही म्हणून तो सुटला. तरी त्याच्या नावानं कागद उघडला गेला. रात्री-अपरात्री पोलीस दार ठोठावणार, तो गाव सोडून कुठं निघाला की त्याची नोंद होणार. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं रात्रीचं दार ठोठावणं तेवढं रद्द केलं, बाकी पाळत चालू ठेवली, कारण खासगीपणाची हमी घटनेत नाही म्हणे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायाधीशांनी एकमुखानं सांगितलं ते २०१७ मध्ये, पुट्टस्वामी खटल्यात. तोही आधारवरून निघालेला वाद.

आणि आधार म्हटलं की मला आमच्या गल्लीतल्या अक्का आठवतात. जन्म गेला विड्या वळण्यात. पानं कातरून, तंबाखू भरून अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्यात. रेशन दुकानात मशीनवर अंगठा लागत नाही. दुकानदार ओल्या फडक्यानं पुसतो, तर्जनी लावून बघतो, मग दुसरा हात. माणूस वाईट नाही. "अक्का, उद्या या, सर्व्हर डाऊन दिसतोय." मागे रांग चुळबुळते. समोर उभी बाई कोण हे दुकानदारासकट सगळ्या रांगेला माहीत असतं, फक्त मशीनला पटत नाही. विन्स्टनला धास्ती होती पडद्याला आपण दिसू याची. अक्कांना धास्ती आहे आपण दिसणार नाही याची, कारण दिसल्याशिवाय तांदूळ नाही.

रोजगार हमीच्या कामावर तेच झालं. २०२३ च्या जानेवारीपासून मजुरांचा दिवसातून दोनदा अ‍ॅपवर फोटो काढणं सक्तीचं झालं. रेंज नसली, फोटो चढला नाही, तर हाडं मोडून केलेल्या कामाची हजेरी बोंबलते. उलट, जुन्या फोटोचाच फोटो काढून चढवण्याचे प्रकार सर्रास चालतात, हे २०२५ मध्ये खुद्द केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रकात लिहावं लागलं. नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं आली. त्या खात्याच्या साहेबाच्या मनगटावर तसलं घड्याळ पाहिलंय कुणी?

नाही, मध्यमवर्ग सुटलेला नाही. फास्टॅग आहे, चौकाचौकात कॅमेरे आहेत, २०२१ मध्ये पेगसस या फोनमध्ये घुसणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण निघालं तेव्हा पत्रकार आणि वकिलांची नावं आली. ते गंभीरच आहे. पण माझं केवायसी अडलं तर मी फोन करून भांडते. अक्का दुसऱ्या दिवशी परत जातात.

मग 'अर्धी खरी' का म्हणते? कादंबरीत एक प्रसंग आहे. ओब्रायन हा पक्षाच्या वरच्या वर्तुळातला बडा माणूस, विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्युलिया यांच्यासमोर बटण दाबून टेलिस्क्रीन बंद करतो. विन्स्टनच्या तोंडून निघून जातं, "तुम्हाला बंद करता येतो!" ओब्रायन म्हणतो, हो, आम्हाला तेवढी सवलत आहे. तीसुद्धा अर्ध्या तासाच्या वर वापरणं शहाणपणाचं नाही, इतकंच.

वरच्याला पडदा बंद करता येतो, ही अर्धी बाजू मला तंतोतंत पटते. २०२३ साली विदा, म्हणजे डेटा, संरक्षणाचा कायदा झाला, नागरिकाची माहिती जपण्यासाठी. त्यात केंद्राला हव्या त्या सरकारी यंत्रणेला सूट देता येते. जाता जाता त्यानं माहिती अधिकार कायद्यातलं एक कलमही बदललं. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही माणसाला नाकारता येणार नाही, असं एक वाक्य त्या कलमाखाली होतं. ते काढलं. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं कारण त्या कलमात पुरतं. जनहित मोठं आहे असं दाखवून मागायची वाट दुसऱ्या एका कलमात शिल्लक आहे म्हणा. पण ते पटवून घ्यायचं साहेबानं, आणि माहिती बऱ्याचदा साहेबाचीच असते.