तुम्ही विचारलंत म्हणून: वेसण कुठल्या नाकात?

कोर्टाबाहेरच्या टपरीवर, हळदीकुंकवाला, परवा तर दाताच्या डॉक्टरांकडे तोंडात कापूस कोंबलेला असताना, मला एकच प्रश्न येतो: "मॅडम, तुम्ही वकील ना? मग या फेसबुक-व्हॉट्सॲपवाल्यांना सरकार वेसण का घालत नाही?" विचारणाऱ्याचा सूर असा, की त्या कंपन्या जणू माझ्याच अशील आहेत.

घालतंय हो. माझं भांडण वेसणीशी नाही, ती कुठे घालायची याच्याशी आहे.

मागे एक शिवणकाम करणारी बाई आली होती. तिच्या नावाने, तिचाच फोटो लावून कोणीतरी खोटं अकाउंट उघडलं होतं आणि गिऱ्हाइकांना नको ते मेसेज पाठवत होतं. शिवायला टाकलेली ब्लाउजपीसं दोघीजणी परत घेऊन गेल्या. भाच्याने ॲपमधून रिपोर्ट केलं. उत्तर इंग्रजीत: तपासलं, आमचे नियम मोडलेले नाहीत. मग शेजारच्या अकरा जणांनी रिपोर्ट केलं, अकरा वेळा तेच उत्तर. तिने मोबाईल माझ्या टेबलावर पालथा ठेवला. "म्हणजे मीच खोटी का हो, ताई?"

2021 च्या आयटी नियमांप्रमाणे 50 लाखांपेक्षा जास्त वापरकर्ते असलेल्या सोशल मीडिया कंपनीला भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव-पत्ता जाहीर करावा लागतो. आपल्या नावाने कोणी तोतयेगिरी करतंय अशी तक्रार आली, तर तेव्हा 24 तासांत तो मजकूर हटवावा लागायचा; फेब्रुवारी 2026 पासून ही मुदत आणखी कमी झाली आहे. तो पत्ता सापडायलाच आम्हाला अर्धा तास लागला, इतका खोल दडवलेला. नियमाचा आकडा घालून ईमेल केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खातं गायब! कंपनी तीच, फोटो तोच.

हे घडतं ते आयटी कायद्याच्या कलम 79 मुळे. लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल कंपनीला जबाबदार धरलं जात नाही, पण हे संरक्षण नियम पाळले तरच. ते काढलं, तर कंपनी प्रत्येक खटल्यात आरोपी होऊ शकते. म्हणजे कंपनीचं नाक हे. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण इथे अगदी चपखल बसते.

गोची अशी, की तेच नाक दुसऱ्या कामासाठीही दाबता येतं. 2023 मध्ये केंद्राने नियमांत बदल केला: सरकारी कारभाराविषयीचा कुठला मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा, ते सरकारचाच सत्यशोधन कक्ष ठरवणार. शिक्का बसूनही मजकूर ठेवला, तर कंपनीचं संरक्षण धोक्यात. आता सांगा, कुठली कंपनी तुमच्या-माझ्या पोस्टसाठी कोर्टात जाईल? नाक कंपनीचं दाबायचं आणि तोंड आपलं बंद. विनोदवीर कुणाल कामरा वगैरे मुंबई उच्च न्यायालयात गेले. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तिसऱ्यांकडे प्रकरण गेलं आणि सप्टेंबर 2024 मध्ये ती दुरुस्ती रद्द झाली.

यावर कोणी म्हणतं, खोटं लिहिणाऱ्याला धडा नको का शिकवायला? त्यांना मी पालघरची आठवण करून देते. नोव्हेंबर 2012, बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरचा बंद. एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. त्यात वापरलेलं आयटी कायद्याचं कलम 66अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम, सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. तरी पुढे कित्येक वर्षं पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदले जात होते. रद्द झालेलं कलम! आमच्या धंद्यातल्या माणसालाही हे पचत नाही.

पण मग कंपन्यांना मोकळं सोडा, असंही मी म्हणणार नाही, कारण राईनपाडा विसरता येत नाही. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाईलवरून फिरत होत्या. जमावाने त्या पाचांना ठेचून मारलं. केंद्राने व्हॉट्सॲपला खडसावलं आणि त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एकावेळी फक्त पाच चॅटना पुढे ढकलता येईल, अशी मर्यादा आली. 2020 मध्ये, बऱ्याचदा फिरून आलेला मेसेज एकावेळी एकाच चॅटला.

या उपायात कोणाचा मजकूर पुसला गेला नाही, कोणाला अटक झाली नाही, खरं-खोटं ठरवायला बाबू बसवावा लागला नाही. फक्त नळाची चावी थोडी आवळली. मला वेसण हवी ती इथे: मजकूर किती वेगाने पसरवता, कोणासमोर आणून टाकता, तक्रार आल्यावर किती तासांत हलता. हे सगळं कंपनीच्या हातात असतं, आणि त्याचा जाब तिला विचारावा. व्हॉट्सॲपची ती मर्यादा तर आजही कुठल्या कायद्यात नाही. उद्या त्यांनी ती काढली, तर मी अशिलाला कुठलं कलम दाखवू?

दाताच्या डॉक्टरांना मी यातलं काहीच सांगू शकले नाही. "आ करा," म्हणाले आणि मशीन सुरू केलं. गुरुवारी परत बोलावलंय.