ठाणे ते दिवाळे, मौन धरून

तलावपाळीला वळसा घातला, कौपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडले आणि निघालो. कळवा पूल, विटावा, दिघा कधी मागे पडलं कळलं नाही. पाऊस होता आणि तोवर बोलायची मुभा होती. मौन ऐरोलीपासून धरायचं असं ठरलं होतं.

मॉरोविंड हा कॉम्प्युटर गेम खेळलेल्यांना त्यातली सात कृपांची वारी वेगळी सांगायला नको, व्हिवेक या तिथल्या देवाच्या ठिकाणांना जाऊन काहीतरी वाहायचं. कुम्मूच्या शेतात चिखल, स्टॉप द मूनला उंच उडण्याचं औषध, व्हिवेकच्या महालापाशी शंभर मोहरा. त्याच खेळातल्या सँक्टस देवस्थानाची मौनवारी त्याहून वेगळी, वाटेत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. आम्ही दोन्ही एकत्र केल्या. शुद्ध पद्धत ही नव्हे, पण ठाण्यात राहून व्हार्डनफेल, म्हणजे खेळातलं ते बेट, आणायचं कुठून?

मावसभाऊ सोबत होता. हा खेळ मला त्यानेच दाखवला, त्याच्या कळव्याच्या घरी. पण रबाळ्यापर्यंत मला त्याचा असा राग आला होता की विचारू नका. दर दहा मिनिटांनी मोबाईलवर नकाशा बघायचा आणि बोटाने दिशा दाखवायचा. 2002 सालच्या त्या खेळात डोक्यावर तरंगणारा बाण नाही. पूल ओलांड, मग नदीच्या कडेकडेने जा, असं कुणीतरी तोंडी सांगतं आणि आपण चुकतमाकत जातो. त्या चालण्यातच त्या देवांवर माझा जीव जडला. डावीकडे पारसिकचा डोंगर, उजवीकडे खाडी, मधून सरळ ठाणे-बेलापूर रस्ता. इथे नकाशा कशाला लागतो? पण बोलायचं नव्हतं, म्हणून नुसता भराभर चालत राहिलो. पुढे टाचांनी त्याचीच किंमत मोजली.

मुक्काम कोपरखैरण्याला मावशीकडे. तिला आमचं मौन अजिबात पटलं नाही. ताटात भात जरा आपटूनच वाढला तिने.

तुर्भ्याच्या अलीकडे डाव्या टाचेचा फोड फुटला. मोजे रात्री वाळलेच नव्हते, बुटांत पाणी. पाऊल टेकलं की कळ थेट गुडघ्यापर्यंत. मावसभाऊ बराच पुढे गेलेला, त्याला हाक मारायची सोय नाही. रस्त्याकडेला निळ्या ताडपत्रीखाली एक बाई कणसं भाजत बसल्या होत्या. त्यांनी माझी चाल पाहिली आणि भाजीचा रिकामा क्रेट पायाने पुढे सरकवला.

‘‘बस की. कुठनं आलायस?’’

मी टाच दाखवली.

‘‘मुका हाईस व्हय?’’

मी मान हलवली. मग ओठांवर बोट ठेवलं.

‘‘अस्सं, मौन धरलंयस. धर धर. आमची आत्याबाई धरायची, श्रावणातल्या सोमवारी.’’

कुठल्या देवासाठी ते त्यांनी विचारलं नाही. माझे मोजे घेतले, पिळले आणि शेगडीवर, कणसांपासून जरा लांब, धरले. एका हाताने पुठ्ठ्याने वारा घालायच्या, दुसऱ्याने मोजा फिरवायच्या, करपेल म्हणून मधूनच गालाला लावून बघायच्या. मधे एक गिऱ्हाईक आलं, तर मोजे मांडीवर ठेवून त्याला लिंबू-मीठ चोळून कणीस दिलं आणि हात पुसून पुन्हा मोजे उचलले. गरम मोजा पायात घातल्यावर त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी फाडली आणि मोज्यावरून पावलाला गुंडाळली. वर बूट. बुटातलं पाणी आत शिरायलाच जागा राहिली नाही. ‘‘लावणीला आमी असंच करायचो, हातातली जखम झाकाया,’’ म्हणाल्या.

मी नोट पुढे केली. त्यांनी कणीस दिलं आणि उरलेले पैसे मोजून परत केले. मोज्यांचे कसले पैसे, म्हणे. आभार मानायला तोंड उघडता येत नव्हतं, म्हणून वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

तिथून नेरुळपर्यंत मी कुम्मूच्या कथेचाच विचार करत होतो. गरीब शेतकऱ्याचा गुआर, म्हणजे तिथलं शेतीकामाचं जनावर, मेला, तेव्हा व्हिवेक स्वतः त्या जनावराच्या जागी चिखलात राबला. नाथांच्या घरी श्रीखंड्याने पाणी भरलं, जनीबरोबर जात्याला हात लावला, हे ऐकत वाढलेल्या माणसाला हा देव परका वाटावा तरी कसा? मावसभाऊ नेहमी म्हणतो, व्हिवेकचं देवपण लॉरखान या मेलेल्या देवाच्या हृदयातून घेतलेलं, आता आटत चाललेलं. खेळात तो स्वतःच ते कबूल करतो, मग त्याच्यासाठी पाय का झिजवायचे? मला ते सगळं ठाऊक आहे. माणूस होता, देव झाला, देवपण संपत आलं. पण चिखलात उतरला ते उतरला. मी चालतो ते त्याच्यासाठी.

जुईनगर, सीवूड्स यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दिवाळ्याच्या जेट्टीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती. जाळं निवडत बसलेल्या एकाने फार आत जाऊ नका, पाय रुततात, असं बजावलं. आम्ही कडेलाच बसून दोन्ही हातांनी चिखल उचलला, ठरल्याप्रमाणे दगडावर ठेवला, आल्मसिव्हीचं, म्हणजे व्हिवेकसकट खेळातल्या तिन्ही देवांचं, नाव घेतलं. मौन सुटलं. माझे डोळे भरून आले होते आणि मावसभाऊ पहिलं वाक्य बोलला ते नकाशाबद्दल: सानपाड्याला आतून आलो असतो तर वाट कमी झाली असती. मग जे भांडलो ते बेलापूर स्टेशनपर्यंत. ठाणे लोकलमध्ये खिडकी मिळाल्यावर त्याने माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन पिशवी सोडवली.

स्टॉप द मून राहिलंय. त्यासाठी पारसिकवर चढायचं. तो म्हणतो दिवाळीनंतर, मी म्हणतो पाऊस असतानाच. फोन मात्र घरी ठेवायचा, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.