ओकची बी वाळवायची नसते

आम्ही निफाडकडची माणसं. आजी भोपळ्याचं, वालाचं, गवारीचं बी उन्हात खडखडीत वाळवायची, राखेत घोळून मडक्यात ठेवायची आणि पुढच्या मृगाला काढायची. बी म्हटलं की आधी वाळवायचं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. त्यामुळे २०१९ च्या ऑक्टोबरात इथे नॉटिंगहॅमला घराजवळच्या बागेतून ओकची फळं वेचून आणली तेव्हा मीही तेच केलं. एकॉर्न म्हणतात त्यांना. सुपारीहून लांबट, गुळगुळीत, बुडाशी खवल्याखवल्यांची टोपी. टोप्या काढून हीटरच्या वरच्या खिडकीत पसरले, मग कागदी पिशवीत भरून ठेवले आणि मार्चमध्ये कुंड्यांत लावले. चाळीस लावले. एकही उगवलं नाही. जूनमध्ये उकरून पाहिलं तर आतला गर आक्रसून काळा पडला होता.

अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी ओक कधी पाहिलेला नाही, सगळी हयात द्राक्षबागेत गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "फोडल्यावर आत कसं दिसतं?" मी म्हटलं, ताजं असताना दोन जाड, ओलसर दलं. "अगं, मग ती कोय आहे. आंब्याची कोय कधी वाळवून लावतात का?"

माझ्या सगळ्या खटपटीतलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच. धान्याचं बी वाळून झोपतं आणि पाणी मिळालं की जागं होतं. एकॉर्नला तशी झोप नाही. ते झाडावरून पडतं तेच पाणी धरून, आणि तो ओलावा गेला की आतला जीव जातो. नंतर कितीही भिजवा. आंबा, फणस, जांभूळ, सगळे याच जातकुळीचे.

२०२० च्या शरदात ओकला कधी नव्हे एवढी फळं लागली. इथे अशा सालाला मास्ट वर्ष म्हणतात. आपल्याकडे आंब्याला एक साल येतं, एक साल जातं, तसंच काहीसं, पण ओकचा नेम नाही. मधे दोन, तीन, कधी जास्त वर्षं जातात. कमी फळांच्या वर्षांत उंदीर आणि खारी वाढत नाहीत, आणि मग एकदम इतका सडा पडतो की खाऊन संपत नाही. कोरोनाचं वर्ष, फिरायला जाणं एवढीच मोकळीक. मी आणि मुलगी रोज त्याच झाडाखाली.

आधी पडलेली फळं बहुधा पोकळ असतात, म्हणून पहिला आठवडा सोडून दिला. वेड्यावाकड्या, चिकट गाठी आलेली फळं घेतली नाहीत. त्या एका बारीक गांधीलमाशीमुळे होतात. घरी आल्या आल्या सगळी बादलीभर पाण्यात टाकली. साठातली बावीस तरंगली. मुलीच्या आग्रहाखातर तरंगलेलं एक फोडलं, तर आत पांढरी गुबगुबीत अळी. सोंडेचा भुंगा हिरव्या फळाला भोक पाडून आत अंडं घालतो, अळी गर खाते आणि फळ खाली पडल्यावर गोल भोक पाडून मातीत निघून जाते. हेही कोयीतल्या भुंग्याचंच भावंडं.

बुडालेली अडतीस फळं ओलसर पालापाचोळ्याच्या खतात मिसळून, सैल बांधलेल्या पिशवीत फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवली. दर पंधरवड्याला उघडून हवा द्यायची, बुरशी धरलेलं एखादं काढून टाकायचं. डिसेंबरात निम्म्यांना मोड आले. मटकीसारखाच, फक्त जाड आणि खाली जायची घाई असलेला.

ओकचं मूळ आधी धावतं. वर बोटभर कोंब येतो तोवर खाली वीतभर सोटमूळ गेलेलं असतं. उथळ कुंडीत ते तळाला गोल गोल फिरतं आणि रोप जन्माचं अधू होतं. म्हणून ज्यूसचे उंच डबे घेतले, तळ कापला आणि ते जाळीवर उभे केले. खाली आलेलं मुळाचं टोक हवेला लागून सुकतं आणि वर बाजूची मुळं फुटतात. फळ आडवं ठेवायचं, वर दोन-तीन सेंटीमीटर माती, बस. डबे थंडीत बाहेरच.

एका रात्रीत उंदरांनी नऊ खाल्ली. बारीक छिद्रांची तारेची जाळी मी त्यानंतर लावली. ज्याला हे करायचंय त्याने ती पहिल्याच दिवशी लावावी.

एप्रिलअखेर पहिला कोंब आला, आणि मे संपेपर्यंत एकवीस. दलं मातीतच राहतात, वर येते ती थेट काडी, आणि पहिली पानं तांबूस, आंब्याच्या कोवळ्या पालवीसारखी. मी रोज सकाळी चहा घेऊन तिथे उभी राहायचे. जुलैच्या शेवटी त्यांना दुसरी पालवी फुटली आणि तिच्यावर पांढरी पूड दिसली. फोटो पाठवला तर अण्णा म्हणाले, "भुरी आहे, दुसरं काय." द्राक्षावरच्या भुरीहून बुरशी वेगळी, पण नातं जवळचं. ओकवरची ही भुरी युरोपात पहिल्यांदा १९०७ च्या सुमारास दिसली, आणि ती दुसऱ्या पालवीलाच जास्त धरते. डबे लांब लांब ठेवले, पाणी बुडाशी घातलं, फार माखलेली पानं खुडली. दोन रोपं खुरटली, बाकीची तरली.

पुढच्या वर्षी, १९ जुलै २०२२ ला, शेजारच्या लिंकनशरमध्ये ४०.३ अंश तापमान झालं. ब्रिटनमध्ये एवढं कधीच नोंदलं गेलं नव्हतं. निफाडच्या उन्हाळ्याची सवय असलेली मीही त्या दिवशी घाबरले, कारण डब्यातली माती तासाभरात तापत होती. सगळे उचलून घराच्या उत्तरेला नेले. एकोणीसच्या एकोणीस वाचले.

जानेवारी २०२३ मध्ये, पानं गळून झाड झोपलेलं असताना, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर बारा लावले. बाकीचे शेजाऱ्यांना दिले. सशांनी आणि हरणांनी खाऊ नये म्हणून प्रत्येकाला प्लास्टिकची नळी आणि खुंटी.

२०२४ च्या उन्हाळ्यात अण्णा आले होते. रोपं कमरेला लागत होती. फळ कधी धरेल, त्यांनी विचारलं. साधारण चाळीस वर्षांनी, मी सांगितलं. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "गवत किती माजू दिलंयस. हातभर गोल मोकळं ठेव, नाहीतर सगळं पाणी गवतच पितं." त्या दुपारी आम्ही बाराही आळी साफ केली आणि लाकडाचा भुसा पसरला. त्या वर्षी रोपांनी जेवढी उंची घेतली तेवढी आधीच्या वर्षी घेतली नव्हती.

२०२५ ला त्याच झाडाखाली पुन्हा सडा पडला. सत्तर वेचली, एकावन्न बुडाली. परवा फ्रिजमधली पिशवी उघडली तेव्हा सहांना मोड आले होते. ज्यूसचे डबे कापून ठेवलेत. जाळीसुद्धा आणली आहे.